घरची एस्प्रेसो: मशीन कुठलं आणि आणल्यावर काय

एस्प्रेसोवर प्रश्न पाठवा म्हटलं तर पत्रं भरपूर आली, पण बरीचशी नुसती "चांगलं मशीन सुचवा" एवढीच. आता तुम्ही दूध घालता का, दिवसाला कप किती, ग्राइंडर आहे की नाही, हे कळल्याशिवाय मॉडेलचं नाव सांगणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. म्हणून ज्यांनी जरा खुलासेवार लिहिलंय त्यांचीच पत्रं घेतलीत, बाकीच्यांना त्यातच आपापलं उत्तर सापडेल.

प्रश्न: ताई, एक मशीन मनात भरलंय पण त्यातच सगळे पैसे संपतायत. घरात पात्याचा छोटा ग्राइंडर आहे, सध्या त्यावर भागवलं तर चालेल ना? चांगला ग्राइंडर पुढच्या वर्षी बघू. — मशीनवेडा

उत्तर: नाही चालणार. आणि हे मी कडक शब्दात सांगतेय कारण पुढचं वर्ष येईपर्यंत तुम्ही मशीन विकायला काढलेलं असेल.

बघा, एस्प्रेसोत होतं काय, तर साधारण ९ बार दाबाचं गरम पाणी दाबून बसवलेल्या कॉफीच्या थरातून २५-३० सेकंदांत बाहेर पडतं. या पाण्याला अडवणारं तिथे दुसरं काहीच नसतं, फक्त तुमची पूड. म्हणजे नळाची चावी मशीनमध्ये नाहीये, ती ग्राइंडरमध्ये आहे. पूड किंचित जाड झाली की पाणी धो धो येतं, किंचित बारीक झाली की थेंब पडायची मारामार. पात्याचा ग्राइंडर बिया दळत नाही, नुसत्या फोडतो, त्यामुळे त्याच पुडीत थोडी धूळ आणि थोडे खडे असतात, धुळीतून कडवटपणा उतरतो आणि खड्यांतून आंबटपणा, आणि दोन्ही एकाच कपात. हे कितीही महागडं मशीन आणलं तरी दुरुस्त होत नाही.

तेव्हा बर ग्राइंडर हवा, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमध्ये दळणारा. पण त्यातही एक गोम आहे. "सगळ्या प्रकारच्या कॉफीसाठी" म्हणून जे विकतात त्यातल्या काहींना एस्प्रेसोच्या टप्प्यात दोन-तीनच खाचा असतात, एका खाचेवर शॉट (एस्प्रेसोची एक खेप) १८ सेकंदांत संपतो आणि पुढच्या खाचेवर ४५ सेकंद घेतो, मधलं काही नाहीच. विकत घेताना दुकानदाराला एकूण सेटिंग किती ते विचारू नका, एस्प्रेसोच्या पट्ट्यात किती आहेत ते विचारा. खाचा नसलेला, हवा तेवढा फिरवता येणारा असेल तर उत्तमच.

पैसे कमी असतील तर हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर घ्या. मोटरचा खर्च वाचतो म्हणून तेवढ्याच पैशात चकत्या बऱ्याच चांगल्या मिळतात. फक्त दिवसाला एक-दोन कप असतील तरच, आणि हलक्या भाजलेल्या बिया कडक असतात, त्या दळताना दंड भरून येतात हे आधीच सांगून ठेवते.

माझा क्रम विचाराल तर आधी ग्राइंडर, मग ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा वजनकाटा (मशीनच्या ट्रेवर कपाखाली बसेल एवढा), आणि उरलेल्या पैशात मशीन. आतच ग्राइंडर बसवलेली मशीन्स मिळतात, जागा वाचते, सुरुवातीला बरं वाटतं, पण दोघांतलं एक बिघडलं की दोन्ही दुरुस्तीला जातात आणि नुसता ग्राइंडर बदलायची सोय राहत नाही. मला स्वतःला ती जोडी फारशी पटत नाही.

प्रश्न: एका मशीनवर १५ बार लिहिलंय, दुसऱ्यावर २०. जास्त दाब म्हणजे जास्त चांगली कॉफी ना? — आकडेमोड

उत्तर: नाही, तो आकडा खोक्यावर छापायला असतो. घरगुती मशीन्समध्ये बहुतेक करून व्हायब्रेटरी पंप असतो, विद्युतचुंबकाने एक छोटा दट्ट्या पुढेमागे हलवणारा. पाण्याची वाट पूर्ण बंद केली तर तो जास्तीत जास्त किती दाब देईल, तो हा १५ किंवा २०. प्रत्यक्षात पाणी वाहायला लागलं की दाब उतरतो. बऱ्या मशीनमध्ये एक जादा दाब सोडणारा व्हॉल्व्हही असतो, तो दाब ९ च्या आसपास धरून ठेवतो आणि उरलेलं पाणी टाकीकडे किंवा ट्रेकडे परत पाठवतो.

९ च का, तर लुइजी बेझेरांनी १९०१ मध्ये ज्या मशीनचं पेटंट घेतलं ते नुसत्या वाफेच्या दाबावर चालायचं, एक-दीड बार फार तर. दुसऱ्या महायुद्धानंतर अकिले गॅजियांचं स्प्रिंग आणि दांड्याचं मशीन आलं, दाब एकदम ८-९ बारवर गेला आणि कपावर तो सोनेरी क्रेमा, म्हणजे फेसाचा थर, दिसायला लागला. मग १९६१ मध्ये फाएमा कंपनीच्या ई६१ मशीनने दांड्याची मेहनत पंपावर सोपवली. दाब साधारण तोच राहिला, अजूनही तोच आहे.

त्यापेक्षा एक वेगळी गोष्ट तपासा. बास्केट, म्हणजे पूड भरायची भोकांची वाटी, उजेडात धरून तळाकडून बघा. शेकडो बारीक भोकं दिसली तर ती साधी बास्केट. आतून जाळी पण बाहेरून टाचणीएवढं एकच भोक असेल तर ती प्रेशराइज्ड. या दुसऱ्या प्रकारात दाब ते भोकच तयार करतं, त्यामुळे आयत्या दळलेल्या पुडीवरही फेस येतो, पण तो नुसता फेसच. चांगल्या ग्राइंडरचा फायदा तिथे जवळजवळ दिसतच नाही. मशीनबरोबर साधी बास्केट येते का, नसेल तर त्या मापाची वेगळी मिळते का, हे आधी बघा. ५८ मिलिमीटरचं माप सगळ्यात जास्त चालतं म्हणून त्याचं सामान सहज मिळतं, ५४ आणि ५१ चंही मिळतं, जरा शोधावं लागतं.

प्रश्न: थर्मोब्लॉक, सिंगल बॉयलर, हीट एक्सचेंजर, ड्युअल बॉयलर... वाचून वाचून डोकं गरगरतंय. मी काळी पिते, नवऱ्याला मात्र कॅपुचिनो लागते. — दोघांत एक मशीन

उत्तर: हा सगळा घोळ एकाच कारणाने आहे. कॉफीला पाणी लागतं साधारण ९० ते ९६ अंश सेल्सिअसचं, आणि दुधाला वाफ लागते म्हणजे बॉयलर १२० च्या वर. ही दोन कामं एकाच भांड्यात कशी करायची, एवढाच प्रश्न आहे, आणि ही चार नावं त्याची चार उत्तरं.

सिंगल बॉयलरमध्ये आधी शॉट, मग बटण दाबून वाफेची वाट बघायची, दूध झालं की पुढच्या शॉटआधी पाणी सोडून बॉयलर थंड करायचा. गॅजिया क्लासिक, रँचिलिओ सिल्व्हिया ही यातली जुनी आणि टिकाऊ नावं, सुटे भाग मिळतात, स्वतः उघडून दुरुस्त करणारे लोकही भरपूर. साधा थर्मोस्टॅट असेल तर तापमान बरंच वरखाली होतं, तेव्हा पीआयडी (तापमानाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) असलेलं बघा, तो तापमान एका अंशाच्या आसपास धरतो. थर्मोब्लॉकमध्ये पाणी साठवत नाहीत, जाता जाता तापवतात, काही मशीन्स अक्षरशः काही सेकंदांत तयार होतात, सकाळी घाई असणाऱ्यांना हेच बरं. वाफ थोडी कमजोर असते पण एका कपाच्या दुधाला पुरते.

हीट एक्सचेंजरमध्ये मोठा बॉयलर वाफेचा आणि त्यातून जाणाऱ्या नळीत कॉफीचं पाणी तापतं, दोन्ही कामं एकदम होतात, पण मशीन बराच वेळ नुसतं उभं असेल तर नळीतलं पाणी जास्त तापलेलं असतं, ते आधी सोडून द्यावं लागतं. ड्युअल बॉयलर म्हणजे दोन स्वतंत्र भांडी, सगळ्यात सोयीचं, सगळ्यात जड आणि महाग. ई६१ पद्धतीचं जड डोकं (बास्केट जिथे बसते तो भाग) असलेलं मशीन तर नीट तापायला अर्धा तास सहज घेतं, हे विक्रेते हळू आवाजात सांगतात.

तुमच्या घरात रोज एकच दुधाचा कप असेल तर पीआयडीवाला सिंगल बॉयलर किंवा चांगला थर्मोब्लॉक पुरे. पाहुण्यांचा राबता असेल, लागोपाठ चार कॅपुचिनो करायच्या असतील तरच पुढचा विचार करा. आणि नवऱ्याने कॅपुचिनो सोडली (शक्यता कमीच) तर हाताने दाब द्यायची फ्लेअर किंवा रोबोट या नावांची यंत्रं बघा, पंप नाही, बॉयलर नाही, उकळतं पाणी ओतायचं आणि दांडा दाबायचा. काळी एस्प्रेसो त्यावर फार सुंदर होते.

प्रश्न: ताई, मी हॉस्टेलवर राहतो, सेकंडहँड मशीन आणि हातग्राइंडर घेतलाय. १८ ग्रॅम टाकतो, १५ सेकंदांत ५० ग्रॅम कॉफी येते, आंबटढोण. मी बारीक केलं, कमी टाकली, तापमान वाढवलं, जोरात दाबलं, आता एकदा आंबट एकदा कडू येतेय, काही सुधरत नाहीये. — आंबट घोट

उत्तर: अरे, चार गोष्टी एकदम बदलल्यास, मग कशामुळे काय झालं हे तुला कळणार कसं? एका वेळी एकच.

पूड १८ ग्रॅमच ठेव. बास्केटवर माप लिहिलेलं असतं, त्यापेक्षा एखाद ग्रॅम इकडेतिकडे, बस. कपात यायची कॉफी दुप्पट, म्हणजे ३६ ग्रॅम झाली की बंद करायचं, मिलिलिटरवर जाऊ नको कारण क्रेमा फसवतो, वजनच कर. तापमान आणि दाबणं जसं आहे तसं. आता फक्त दळण बदल. १५ सेकंद म्हणजे पूड जाड आहे, बारीक करत जा, पंप सुरू झाल्यापासून ३६ ग्रॅम यायला २५ ते ३० सेकंद लागेपर्यंत. सेटिंग बदललंस की ग्राइंडरमध्ये आधीची थोडी पूड अडकलेली असते ती पुढच्या शॉटमध्ये मिसळते, म्हणून दोन-चार ग्रॅम दळून फेकून दे. जीवावर येतं, पण नाही फेकलंस तर तू जुनीच सेटिंग चाखत बसशील.

तिथे पोचलास की घड्याळ बाजूला ठेव आणि चाख. अजून आंबट, पातळ, टोचणारी लागली तर जास्त पाणी जाऊ दे, ३६ ऐवजी ४०-४५ ग्रॅमवर थांब, किंवा तापमान एक-दोन अंश वाढव. कडू आणि तोंड कोरडं करणारी लागली तर थोडं जाड दळ किंवा आधी थांबव. गडद भाजलेल्या बिया जरा कमी तापमानाला आणि कमी पाण्यात चांगल्या लागतात, हलक्या भाजलेल्यांना दोन्ही जास्त लागतं. २५-३० सेकंद हा काही कायदा नाहीये, ३५ सेकंदांचा शॉट गोड लागला तर तोच बरोबर.

आंबट कुठलं आणि कडू कुठलं यात बहुतेकांची गल्लत होते, म्हणून एक प्रयोग कर. एकच शॉट तीन कपांत धर, पहिले दहा सेकंद एकात, पुढचे दुसऱ्यात, शेवटचे तिसऱ्यात. पहिला दाट, आंबट, जवळजवळ खारट लागेल, मधल्यात गोडवा, तिसरा पातळ आणि कडवट. मग तिन्ही एकत्र करून पी. कमी उतरलेली कॉफी म्हणजे पहिला कप जास्त आणि तिसरा कमी, जास्त उतरलेली म्हणजे उलटं. हे जिभेला एकदा कळलं की अर्ध्या चुका आपोआप पकडता येतात.

आणि सारखं बारीकच करत राहू नको. एका मर्यादेपलीकडे बारीक पुडीत पाणी सगळीकडून सारखं जात नाही, वाट मिळेल तिथून घुसतं आणि उलट कमीच उतरतं, २०२० मध्ये 'मॅटर' या विज्ञान नियतकालिकात गणिती मॉडेल आणि प्रयोग करून हे दाखवलंय. खूप बारीक करूनही एकदम आंबट आणि कडू दोन्ही लागतंय असं झालं तर दोन पावलं मागे ये.

प्रश्न: तळ उघडा असलेला पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारा दांडा) घेतला हौसेने, तर सगळीकडे पिचकाऱ्या. ओटा, शर्ट, भिंत. पूर्ण जोर लावून दाबते तरी. — शिंतोडे

उत्तर: जोराचा संबंध नाही हो. पूड एका मर्यादेपर्यंत दबली की पुढे दबतच नाही, मनगट मात्र दुखतं. टँपर, म्हणजे पूड दाबायचा दट्ट्या, सपाट बसला पाहिजे, तिरका नाही, एवढंच महत्त्वाचं. पिचकारी उडते कारण पुडीत गुठळ्या किंवा पोकळ जागा असते आणि पाणी तिथूनच भोक पाडून निघतं. दाबायच्या आधी बारीक सुयांच्या ढवळणीने तळापासून वरपर्यंत पूड मोकळी करा, डब्ल्यूडीटी म्हणतात ते हेच. सुया ०.३-०.४ मिलिमीटरच्या हव्यात, टूथपिकने ढवळलं तर चर पडतात. मग कडेला एक हलकी टिचकी, सपाट दाब, झालं.

गुठळ्या स्थिर विजेमुळेही होतात. दळायच्या आधी बियांवर पाण्याचा एखादा फवारा मारून हलवून घ्या, पूड ग्राइंडरला चिकटायची बरीच कमी होते. हा जुगाड घरगुती लोकांनी शोधला आणि २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी मोजून तो खरा ठरवला. फवारा म्हणजे फवाराच, बिया धुवायच्या नाहीत.

उघड्या तळाचा पोर्टाफिल्टर मात्र ठेवाच, परत साधा लावू नका. तो चूक लपवत नाही म्हणून तर उपयोगाचा.

प्रश्न: काही न बदलता शॉट रोज थोडा थोडा लवकर यायला लागलाय. मशीन बिघडलं का? — काळजीत

उत्तर: बिया म्हाताऱ्या होतायत. भाजल्यावर त्यांच्यात कार्बन डायऑक्साइड असतो, तो हळूहळू निघून जातो, पाण्याला होणारा अडथळा कमी होतो. दर दोन-तीन दिवसांनी दळण किंचित बारीक करा. अगदी ताज्या भाजलेल्या बियांचंही तसं खरं नाही, वायू इतका असतो की शॉट फसफसतो, एखादा आठवडा थांबून पाकीट उघडा. भाजल्याची तारीख नसलेलं पाकीट घेऊच नका. संपायला वेळ लागणार असेल तर छोट्या हवाबंद पुड्या करून फ्रीजरमध्ये टाका, लागेल तेवढीच काढा.

प्रश्न: दुधाचा फेस म्हणजे साबणाचे बुडबुडे होतात. कॅफेत कसा तो गुळगुळीत असतो! — फेसाळ

उत्तर: तुम्ही हवा फार वेळ भरताय. दूध थंडगार घ्या, भांडं अर्ध्याहून किंचित कमी. आधी नळीतलं साचलेलं पाणी सोडून द्या. टोक पृष्ठभागाच्या अगदी खाली ठेवून वाफ पूर्ण सोडा, कागद फाटल्यासारखा च्च् च्च् आवाज आला पाहिजे, पण तो फक्त भांडं हाताला कोमट लागेपर्यंत. मग टोक थोडं खाली घ्या, आवाज बंद, दूध गरगर फिरू द्या, या फिरण्यातच मोठे बुडबुडे मोडतात. ६० ते ६५ अंशांना बंद. ७० च्या वर गेलं की गोडवा जातो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. थर्मामीटर नसेल तर भांड्यावर हात ठेववेनासा झाला की थांबायचं.

सरावासाठी लिटरभर दूध वाया घालवू नका, थंड पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एकच थेंब टाका, बऱ्यापैकी तसंच वागतं (आणि भांडं नीट धुवा, पुढचा कप कुणीतरी पिणार आहे). नळी लगेच ओल्या फडक्याने पुसून पुन्हा एकदा वाफ सोडा, आत दूध वाळलं की काढता काढता नाकीनऊ येतात.

प्रश्न: मशीनची निगा कशी राखायची? डिस्टिल्ड पाणी वापरलं तर क्षारांचा प्रश्नच मिटतो ना? — नीटनेटका

उत्तर: क्षारांचा मिटतो, दुसरे उभे राहतात. निव्वळ डिस्टिल्ड पाण्यात कॉफी सपक लागते, आणि ज्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी विजेच्या वहनावरून मोजतात तिथे सेन्सरला पाणी असल्याचंच कळत नाही. वापरायचंच तर त्यात लिटरला ०.१ ग्रॅम पोटॅशियम बायकार्बोनेट घाला, हा बऱ्याच एस्प्रेसोवाल्यांचा ठरलेला उपाय आहे, बॉयलरला क्षार धरत नाही आणि चवही येते. फार जड पाणी असेल तर ते गाळून, मऊ करूनच टाकीत जाऊ द्या, कारण क्षार काढण्यापेक्षा ते साचू न देणं कितीतरी सोपं. काढायची वेळ आलीच तर सायट्रिक आम्लावर आधारलेलं द्रावण चालतं, पण आधी मशीनची पुस्तिका वाचा, काही मोठ्या बॉयलरवाल्यांना घरी हे केलेलं चालत नाही, आणि ॲल्युमिनियमच्या भागांना तीव्र आम्ल सोसत नाही.

रोजचं म्हणाल तर प्रत्येक शॉटनंतर थोडं पाणी सोडा, जाळी पुसा. बॅकफ्लश म्हणजे बिनभोकाची बास्केट लावून सफाईच्या पावडरने आतून धुणं, ते फक्त शॉट संपल्यावर दाब मागच्या वाटेने सोडणारा व्हॉल्व्ह असलेल्या मशीनलाच. ओळखायचं कसं, शॉट बंद केल्यावर फुस्स करून ट्रेमध्ये पाणी पडतं का बघा. पडत नसेल तर बॅकफ्लश करायचं नाही, आणि पोर्टाफिल्टरही लगेच काढायचा नाही, आत दाब असतो, गरम चोथा अंगावर येतो.

प्रश्न: शॉटनंतर चोथा चिखलासारखा ओला राहतो. काय चुकतंय? — चोथा

उत्तर: बास्केटमध्ये वर जागा जास्त राहिलीय, किंवा मशीनला तो शॉट संपल्यावर दाब सोडणारा व्हॉल्व्हच नाहीये. कॉफी चांगली लागतेय ना? मग चोथा टाकून द्या.